डावीकडचा बदली

२०२५ च्या मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. ऑफिसची मीटिंग चालू, माझा कॅमेरा बंद, समोर निवडायला घेतलेली मेथी, आणि नवऱ्याचा मेसेज आला: "जेलन मूर. हा कोण?" तो पलीकडच्याच खोलीत बसून काम करतो, पण विचारतो फोनवर. मी लिहिलं, "सॅन फ्रान्सिस्कोचा बदली टॅकल. ट्रेंट विल्यम्सला लागलं की खेळायचा." जरा वेळाने पुन्हा फोन वाजला. "बदली माणसाला दोन वर्षांचे तीन कोटी डॉलर?"

हो, म्हटलं. कॅन्सस सिटीच्या चीफ्सने, म्हणजे आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाने, त्याला घेतलं होतं. आणि मग मेथी तशीच राहिली.

आमच्या घरात चीफ्सची कामं वाटलेली आहेत. कुठला रिसीव्हर (चेंडू झेलणारा) येतोय, क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) महोम्सने काय घातलं होतं, हे मुलगा सांगतो. स्कोअर आणि शिव्या नवऱ्याकडे. ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅकपुढे भिंत करून उभ्या राहणाऱ्या पाच जणांत, कोण आलं, कोण गेलं, कोणाचा गुडघा कसा आहे, हे खातं माझं. ते मी मागून घेतलं नव्हतं. आम्ही २०१२ मध्ये कॅन्सस सिटीजवळ ओव्हरलँड पार्कला राहायला आलो, त्या वर्षी चीफ्सने सोळापैकी दोन सामने जिंकले. दोन! लालबागच्या बाईला एवढं अपयशी काही फार आवडून जातं. संघ तळाला गेला म्हणून पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या पोरांच्या वाटपात, सगळ्यात पहिला खेळाडू निवडायचा मान मिळाला, आणि त्यांनी निवडला एरिक फिशर. सेंट्रल मिशिगनचा टॅकल. म्हणजे अख्ख्या देशातला पहिला नंबर एका अशा माणसावर खर्च केला, ज्याचं काम चेंडू धरायचं नव्हतंच. गावात जी कुरकुर झाली, ती ऐकूनच मी विचारलं की टॅकल म्हणजे काय.

विचारलं ते शेजाऱ्यांना. आमच्या डाव्या हाताला राहतात, रेल्वेतून निवृत्त झालेले, तेव्हाच सत्तरीला टेकले होते. त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली: चेंडूकडे बघायचं नाही. स्नॅप झाला, म्हणजे सेंटरने चेंडू मागे दिला, की डोळे मधल्या पाच जणांवर ठेवायचे. मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, टोकाला दोन टॅकल. क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकणारा असला, तर फेकताना त्याची पाठ डावीकडे होते. म्हणून डाव्या टॅकलने घात केला, तर तो बिचाऱ्याला दिसतही नाही. समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे धटिंगण धावत येणार आणि यांनी त्यांना तीन सेकंद थोपवायचं. तीन सेकंद थोपवलं तर कॅमेरा चेंडूमागे जातो. नाही थोपवलं तर रिप्लेमध्ये चारदा दाखवतात. धरून ठेवलं तर होल्डिंग, दहा यार्ड मागे, आणि पंच माइकवर नंबर घेऊन सांगणार. लाइनमनचा नंबर स्टेडियममध्ये ऐकू येतो तो बहुतेक असाच.

बॅकअप म्हटलं की मला हार्ड डिस्क आठवते. म्हणून मी बदली म्हणते. माझे आजोबा गिरणीत बदली होते, साचेखात्यात. ज्यांच्या घरी हे नव्हतं त्यांच्यासाठी: बदलीवाल्याने पास घेऊन पाळीच्या आधी खात्याच्या दाराशी उभं राहायचं. कोणी कायमवाला आला नाही, की जॉबर बोट दाखवणार, "तू ये." बोट नाही दाखवलं तर घरी. आजी डबा रोज करायची. काम मिळो न मिळो, डबा भरायचाच. आणि काम नाही मिळालं की आजोबा तोच डबा घरी येऊन, दाराकडे पाठ करून खायचे. काम मिळालं तरी साचा दुसऱ्याचा. प्रत्येक साच्याची खोड वेगळी, ती माहीत फक्त त्याच्या धन्याला. कापडात खोट निघाली की मात्र बोलणी त्या दिवशी उभा होता त्याला. आजोबा कायम व्हायला नऊ वर्षं लागली.

तर माइक रेमर्स.

याचं नाव चीफ्सच्या लोकांसमोर काढलं की अजून चेहरे वाकडे होतात, आणि मला नेमका तोच आवडतो. ओरेगन स्टेटचा. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये सातही फेऱ्या संपल्या, याला कोणी घेतलं नाही. मग डेन्व्हर, टँपा बे, सॅन दिएगो, मिनेसोटा, सेंट लुइस. अडीच वर्षांत पाच दारं. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये कॅरोलिनाने सेंट लुइसच्या सराव संघातून उचलला, तिथे तो उजवा टॅकल झाला, आणि पुढच्या वर्षी कॅरोलिनाने सोळातले पंधरा सामने जिंकले. ७ फेब्रुवारी २०१६, पन्नासावा सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, समोर डेन्व्हर. ज्यांनी याला सगळ्यात आधी घरी पाठवलं होतं तेच. त्यांचा व्हॉन मिलर याच्या बाजूने आला, कॅम न्यूटनच्या हातातला चेंडू उडवला, एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या गुण मिळतात त्या पट्ट्यात, डेन्व्हरवाले त्यावर पडले. चौथ्या क्वार्टरमध्ये पुन्हा तेच. २४-१०. मिलर सामनावीर. रेमर्सचं नाव लोकांना त्या दिवशी कळलं.

चार वर्षांनी, २०२० च्या वसंतात, चीफ्सने त्याला एका वर्षासाठी घेतलं. बातमी दोन ओळींची होती. आम्ही त्याच फेब्रुवारीत सुपर बोल जिंकलेलो, गाव हवेत, लाइनचा राखीव माणूस कोण वाचतंय? त्यातून कोव्हिड. पण त्या वर्षी जे एकेक होत गेलं, ते मी वहीत लिहून ठेवलंय. उजवा गार्ड डुव्हर्ने-टार्डिफ डॉक्टर. त्याने जुलैत सांगितलं, मी खेळत नाही, माँट्रियलकडे वृद्धांच्या निवासात कामाला जातो. (याच्याविरुद्ध बोलणाऱ्या माणसाला मी चहा दिला नाही.) त्या वर्षीचा नवा पोरगा लुकस नियांग, त्यानेही कोव्हिडमुळे रजा घेतली. गार्ड म्हणून आणलेला ओसेमेली, ऑक्टोबरमध्ये एकाच सामन्यात त्याचे दोन्ही गुडघे गेले. पुढच्याच आठवड्यात उजवा टॅकल मिचेल श्वार्ट्झची पाठ धरली. हा तो माणूस, जो कारकिर्दीच्या पहिल्या दिवसापासून ओळीने ७,८९४ स्नॅप एकही न चुकवता उभा राहिला होता. आमचे शेजारी हा आकडा मंत्रासारखा म्हणायचे.

जॉबरने बोट दाखवलं. रेमर्स उजव्या बाजूला उभा राहिला आणि खरं सांगते, बरा खेळला. १४-२ झाले चीफ्सचे. कोणी त्याचं नाव घेतलं नाही, म्हणजे चांगलंच चाललं होतं.

मग २४ जानेवारी २०२१. बफेलोला हरवत होतो, सामना हातात होता, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये फिशरच्या टाचेमागची शीर तुटली. घरात सगळे नाचत होते. शेजाऱ्यांचा फोन आला, बायको म्हणाली ते बोलत नाहीयेत, नुसते बसलेत.

बाहेरच्याला वाटतं एक गेला, एक आला. तसं नसतं. डावा टॅकल गेला म्हणून रेमर्स उजवीकडून डावीकडे. रेमर्सची जागा रिकामी म्हणून उजवा गार्ड अँड्र्यू वायली बाहेर टॅकलला. वायलीच्या जागी विस्निएव्हस्की, ज्याला पिट्सबर्गने काढल्यावर आम्ही नोव्हेंबरमध्ये परत आणलं होतं. पाचातल्या तीन जागा हलल्या, दोन आठवड्यांत. आणि उजवीकडून डावीकडे म्हणजे नुसती जागा बदलली असं नाही. कुठला पाय मागे, कुठला हात आधी, वजन कुठल्या मांडीवर, सगळं आरशातल्यासारखं उलटं. मी एकदा गंमत म्हणून डाव्या हाताने पोळी लाटून पाहिली. कुत्र्याने खाल्ली.

सामना टँपात, टँपा बेच्याच स्टेडियममध्ये. रेमर्सच्या यादीतलं दुसरं दार. आणि तारीख पुन्हा ७ फेब्रुवारी. हे मी नवऱ्याला सकाळी सांगितलं तर म्हणाला, "अगं, अपशकुन कसले काढतेस." हाच माणूस दुपारी मला विचारत होता की आदल्या वर्षी मिसळ केली होती, तर यंदा वडे का. फरसाण संपलं होतं, बाबा. तेव्हा इंडियन स्टोअरला जायचं म्हणजे मास्क लावून रांगेत उभं राहायचं, कोण जाणार?

पुढचं सगळ्यांनी पाहिलंय. टँपाचे चौघेच बहुतेक वेळा आत येत होते, बाकीचे सातजण मागे पास अडवायला मोकळे, आणि तरी महोम्सला श्वास घ्यायला जागा नव्हती. पायाच्या अंगठ्याला दुखापत, त्याच पायाने तो मागे मागे पळत होता. चेंडू फेकण्याआधी किंवा पडण्याआधी तो ४९७ यार्ड धावला असं नंतर मोजून सांगितलं. एकदा तर जमिनीला समांतर, हवेत आडवा झालेला असताना त्याने फेकला, तो एंड झोनमध्ये आमच्याच माणसाच्या हेल्मेटच्या जाळीवर आपटला. ३१-९. एकही टचडाउन नाही. मुलगा रडला. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि रडत रडत म्हणाला, "त्या रेमर्सला काढून टाका."

मी म्हटलं, "आधी फिशरचा पाय जोडून दे, मग काढू." चिडूनच म्हटलं. आईने चिडायला नको होतं. पण टीव्हीवरही तेच, ऑफिसच्या ग्रुपवरही तेच, मीम्स तर विचारू नका. त्या माणसाचा साचा उजवीकडचा होता. तो तिथे उभा होता कारण ज्यांच्या नावावर ती जागा होती ते सगळे घरी होते, पाय वर करून. चूक कोणाची म्हणाल तर मी म्हणेन, वसंतात दोन ओळींची बातमी करून विषय संपवणाऱ्यांची. म्हणजे आपली सगळ्यांचीच.

संघाने मात्र हिशेब बरोबर वाचला. महिन्याभराने फिशर आणि श्वार्ट्झ दोघांनाही मोकळं केलं (एका दिवसात, मला वाईट वाटलं), जो थूनीला पाच वर्षांचे आठ कोटी डॉलर दिले, ऑर्लँडो ब्राउनला बाल्टिमोरकडून आणलं, ड्राफ्टमध्ये क्रीड हंफ्री आणि सहाव्या फेरीत ट्रे स्मिथ. आणि रेमर्सला पुन्हा एका वर्षासाठी ठेवलं! हे फार कमी लोकांना आठवतं.

त्या दिवशीच्या बाकीच्यांचंही सांगते, कारण कोणी सांगत नाही. वायली २०२३ च्या सुपर बोलमध्ये उजवा टॅकल होता. समोर फिलाडेल्फिया, ज्यांनी त्या मोसमात ७० सॅक काढलेले (सॅक म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडणं). महोम्सवर त्या रात्री एकही सॅक झाला नाही. शून्य. वायलीला पुढच्याच महिन्यात वॉशिंग्टनने तीन वर्षांचा करार दिला. निक ॲलेग्रेटी, टँपाच्या रात्रीचा डावा गार्ड, पुन्हा राखीव झाला. २०२४ च्या फेब्रुवारीत थूनी जखमी म्हणून सुपर बोलला उभा राहिला, दुसऱ्या क्वार्टरमध्ये कोपराचा स्नायुबंध फाटला, आणि जादा वेळेपर्यंत तसाच खेळला. तोही मग वॉशिंग्टनला गेला. बदलीवाले कायम झाले की मला घरचं लग्न असल्यासारखं होतं.

आणि २०२५ चा फेब्रुवारी, काय सांगू. डाव्या टॅकलला वर्षभर माणूस सापडला नाही. दोघांना वापरून पाहिलं, मग नोव्हेंबरमध्ये हंफ्रीज नावाचा एक अनुभवी मोकळा होता तो आणला, पहिल्याच सामन्यात त्याची मांडी धरली. शेवटी थूनीला, गार्डला, बाहेर टॅकलला उभं केलं. म्हणजे परत तेच, एकाला हलवायचं की दुसरा हलतो. ४०-२२ हरलो, महोम्स सहा वेळा पडला. मुलगा तोवर तेरा वर्षांचा झाला होता, रडला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, डावीकडे परत दुसऱ्याच जागेचा माणूस."

त्याला तीन कोटींचं कारण समजलंय, नवऱ्याला नाही. मी नवऱ्याला नियमही सांगितला: २०२० पासून सामन्याच्या दिवशी संघाला ४८ जण तयार ठेवता येतात, पण त्यात लाइनचे निदान आठ असले तरच, नाहीतर ४७. खेळतात पाच, म्हणजे तिघांची तरी सोय आता नियमातच. तो म्हणाला, "मग आठव्याला दे की तीन कोटी."

त्यात झालं असं, की मार्चमध्ये मूरला एवढे पैसे देऊन आणलं आणि एप्रिलमध्ये ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत, ३२ व्या नंबरवर, ओहायो स्टेटचा जॉश सिमन्स घेतला. तोही डावा टॅकल. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये गुडघा गेलेला, पण बरा झाला तर याच्यासारखा नाही म्हणत होते. म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोत चार वर्षं दाराशी उभा राहिलेला मूर इथे कायम होणार म्हणून आला, आणि दीड महिन्यात पुन्हा पास हातात घेऊन उभा राहतो की काय, अशी लक्षणं होती. पैसे भरपूर होते, डबा रिकामा नव्हता, हे मलाही कळत होतं. तरीपण.

त्याच सुमाराला एका रविवारी शेजाऱ्यांकडे गेले होते, थोडे वडे घेऊन. ऐंशीच्या पुढे गेलेत आता, ऐकू कमी येतं. मूर, सिमन्स, सगळं मोठ्याने सांगितलं. त्यांनी वडा संपवला, बोटं पुसली आणि विचारलं, "थूनीला तर शिकागोला देऊन टाकला ना? मग डावा गार्ड कोण?"

वही घरी राहिली होती.