मॉन्ट्रियल बघायचं तर सुरुवात विंडसर स्टेशनपासून करा

टोरोंटोला मुलांकडे आलेली आपली मंडळी मॉन्ट्रियलला जातात ती नोत्र-दाम बॅसिलिका, जुनं बंदर आणि माउंट रॉयलवरून दिसणारं शहर एवढं बघून परततात. ते बघण्यासारखं आहेच. पण या खेपेला आम्ही ठरवलं होतं की या शहराच्या माणसांचा माग काढायचा. इथले कलावंत आणि खेळाडू कुठल्या गल्लीत वाढले, कुणाकडे शिकले, लोकांनी त्यांना कुठे डोक्यावर घेतलं, ते जागेवर जाऊन बघायचं. तिकीट क्वचितच काढावं लागलं, चालणं मात्र भरपूर झालं.

टोरोंटोहून रेल्वेने यावं. पाच-साडेपाच तासांत सेंट्रल स्टेशनला उतरता आणि तिथून विंडसर स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर आहे. 1889 साली उघडलेली ही दगडी इमारत म्हणजे कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचं जुनं मुख्यालय. आता इथून गाडी सुटत नाही. बहुतेक प्रवासी शेजारच्या बेल सेंटरचा, म्हणजे आइस हॉकीच्या मैदानाचा, फोटो काढून पुढे जातात. माझं सांगणं असं की आधी इथे थांबा, कारण या शहराची दोन सगळ्यात लाडकी माणसं याच रेल्वेच्या पगारावर वाढली. पियानोवादक ऑस्कर पीटरसनचे वडील डॅनियल या रेल्वेत पोर्टर होते आणि आइस हॉकीपटू मॉरिस रिशारचे वडील ओनेझिम याच रेल्वेत सुतार. ऑस्करचा जन्म 1925चा, मॉरिसचा 1921चा. एक इंग्रजी बोलणाऱ्या कृष्णवर्णीय वस्तीतला, दुसरा फ्रेंच बोलणाऱ्या कामगार घरातला. दोघांच्याही घरी पगार मात्र एकाच कंपनीचा.

इथून पश्चिमेला लिटल बर्गंडी ही वस्ती लागते. चालायचं नसेल तर जॉर्ज-व्हानिये मेट्रोला उतरा. त्या काळी कृष्णवर्णीय पुरुषांना रेल्वेत काम मिळायचं ते बहुतेक स्लीपर डब्यातल्या पोर्टरचंच: बिछाने घालायचे, बूट पॉलिश करायचे, सामान उचलायचं. स्टेशनं जवळ म्हणून ही कुटुंबं इथे दाटीवाटीने राहिली. लालबाग-परळ पाहिलेल्या माणसाला ही वस्ती लगेच कळेल. कामाच्या वेळा कंपनीच्या, पण गाणं, खेळ आणि प्रार्थना आपापल्या.

डॅनियल पीटरसन मूळचे वेस्ट इंडीजचे. वाद्य स्वतःच्या स्वतः शिकलेले. गाडीवर ड्युटीला निघताना ते प्रत्येक मुलाला एकेक धडा नेमून देत आणि परत आले की सगळ्यांना वाजवून दाखवावं लागे. ऑस्कर आधी ट्रम्पेट वाजवायचा, पण लहानपणी क्षयाने गाठलं, फुंकायचं वाद्य सुटलं आणि तो पियानोकडे वळला. घरात त्याला शिकवलं थोरली बहीण डेझी हिने. मला विचाराल तर या वस्तीतली सगळ्यात मोठी व्यक्ती डेझीच. तिने पुढे वस्तीतल्या कितीतरी मुलांना पियानो शिकवला. त्यातला ऑलिव्हर जोन्स स्वतः नामांकित जॅझ वादक झाला. भावाचं नाव जगभर गेलं, बहीण इथेच राहून शिकवत राहिली. तिचंही भित्तिचित्र आता या वस्तीत आहे आणि ते पाहून मला फार बरं वाटलं.

ऑस्करचं भित्तिचित्र सें-जाक आणि रू दे सेन्योर या रस्त्यांच्या कोपऱ्यावर आहे, जीन पेंडनने काढलेलं. फोटो काढून लगेच निघू नका. जवळच ऑस्कर पीटरसनच्या नावाची बाग आहे, तिथे बसता येतं. डेलील रस्त्यावर युनियन युनायटेड चर्च आहे. 1907 मध्ये रेल्वे पोर्टरांनी आणि त्यांच्या बायकांनी ते सुरू केलं. पाच वर्षांचा ऑलिव्हर जोन्स लोकांसमोर वाजवायला बसला तो याच चर्चमध्ये. रविवारी सकाळी गेलात तर प्रार्थनेच्या वेळचं गाणं कानावर पडेल. कॅमेरा पिशवीत ठेवा आणि मागच्या बाकावर बसा.

बाकी वस्ती बरीचशी पुसली गेली आहे. 1960 आणि 70च्या दशकांत मोठा द्रुतगती मार्ग आणि 'नगरसुधारणा' यांच्या नावाखाली घरंच्या घरं पाडली. पोर्टर म्हणून आयुष्य सुरू केलेल्या रूफस रॉकहेडने 1928 मध्ये काढलेला 'रॉकहेड्स पॅराडाइज' हा क्लब इथला मानाचा, पण आता त्याची वास्तू नाही. अ‍ॅटवॉटर मार्केटजवळच्या एका रस्त्याला त्याचं नाव दिलंय, तेवढं पाहता येतं. मार्केटमध्ये फळं आणि चीज उत्तम मिळतं. ते घेऊन लाशीन कालव्याच्या काठी जेवण उरकलं तर स्वस्तात पडतं.

ऑस्करचं नशीब उघडलं तेही स्टेशनच्या समोरच. विंडसर स्टेशनपाशी अल्बर्टा लाउंज नावाचा बार होता. तिथलं त्याचं वादन रेडिओवर थेट लागायचं. जॅझ मैफिलींचा अमेरिकन संयोजक नॉर्मन ग्रांझ टॅक्सीतून चालला होता, त्याने ते ऐकलं, आणि 1949 मध्ये ऑस्कर न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवत होता. जॅझमधले दिग्गज ड्यूक एलिंग्टन त्याला 'कीबोर्डचा महाराजा' म्हणायचे.

आता मॉरिस रिशार. बेल सेंटरच्या बाहेर हॉवी मोरेंझ, रिशार, जाँ बेलिव्हो आणि गी लाफ्लर यांचे पुतळे आहेत. पण रिशारची खरी जागा अ‍ॅटवॉटर मेट्रोजवळचं फोरम. त्याचा संघ, मॉन्ट्रियल कॅनेडियन्स, 1996पर्यंत तिथे खेळला. आज ती सिनेमाची इमारत आहे. आत जमिनीवर मैदानाच्या मध्यभागाची खूण आणि जुन्या खुर्च्या जपल्यात, आत जायला पैसे नाहीत.

1944-45च्या मोसमात रिशारने 50 सामन्यांत 50 गोल केले. तोवर हे कुणालाच जमलं नव्हतं. पण तो दंतकथा झाला तो 17 मार्च 1955 रोजी, न खेळता. बोस्टनच्या सामन्यात त्याची मारामारी झाली, पंचाला ठोसा बसला, आणि लीगचे अध्यक्ष क्लॅरन्स कॅम्पबेल यांनी त्याला उरलेल्या मोसमासाठी बाद केलं. फ्रेंच भाषकांच्या मनात साचलेलं होतंच: मालक इंग्रज, साहेब इंग्रज, आणि आता आपला माणूस बाद करणाराही इंग्रज. त्या संध्याकाळी कॅम्पबेल फोरममध्ये येऊन बसले. आधी टोमॅटो आणि अंडी उडाली, मग अश्रुधुराची नळकांडी फुटली, सामना थांबला आणि गर्दी सेंट कॅथरिन रस्त्यावर दुकानांच्या काचा फोडत निघाली. दुसऱ्या दिवशी रिशारने रेडिओवरून लोकांना शांत राहायला सांगितलं, तेव्हा शहर निवळलं. क्वेबेक या फ्रेंच भाषक प्रांताच्या पुढच्या राजकीय जागृतीची चाहूल या रात्रीत होती असं पुष्कळ जण मानतात. फोरमच्या दारातून बाहेर पडून हाच रस्ता पूर्वेला चालत जा. आज तिथे कपड्यांची आणि बुटांची दुकानं आहेत, पण अंतर पायाखालून गेल्याशिवाय त्या रात्रीचा आवाका लक्षात येत नाही. मे 2000 मध्ये रिशार गेला तेव्हा एक लाखाहून जास्त लोक अंत्यदर्शनासाठी रांगेत उभे होते.

याच चालण्यात क्रेसेंट रस्ता लागतो आणि वीसहून जास्त मजल्यांच्या भिंतीवर हॅट घातलेला गायक-कवी लिओनार्ड कोहेन दिसतो. गी-काँकॉर्डिया मेट्रोहून जवळ. भित्तिचित्र भव्य आहे, पण कोहेनसाठी मी तुम्हाला दुसरीकडे पाठवेन. पहिली जागा सेंट लॉरेंट रस्त्यावरची पोर्तुगाल बाग. तिच्यासमोर त्याचं साधं घर आहे. नोव्हेंबर 2016 मध्ये तो गेल्याची बातमी आली तेव्हा लोकांनी तिथे मेणबत्त्या लावल्या होत्या. घर खाजगी आहे, बेल वाजवू नका, बागेतल्या बाकावरून बघा. दुसरी जागा डोंगरउतारावरचं शार हशोमायिम या सिनेगॉगचं, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाचं, कब्रस्तान. त्याचे आजोबा-पणजोबा या सिनेगॉगचे अध्यक्ष होते, हयातीतल्या शेवटच्या अल्बममध्ये इथल्याच गायकवृंदाने साथ केली, आणि लॉस एंजेलिसमध्ये मृत्यू येऊनही दफन इथेच, आईवडिलांशेजारी झालं. शनिवारी आणि ज्यू सणांना दार बंद असतं, त्याप्रमाणे दिवस ठरवा. कबरीवर फुलं नव्हे, लहान खडे ठेवण्याची रीत आहे. पलीकडच्या नोत्र-दाम-दे-नेज या अफाट कब्रस्तानात रिशार आहे. तिथे नकाशा घेतल्याशिवाय आत शिरू नका आणि संध्याकाळी दार लवकर लागतं हे लक्षात ठेवा.

मुंबईकरांनी कोहेनकडे थोडं आपलेपणानेच बघावं. 1999 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या झेन मठात काही वर्षं काढल्यावर, तो मुंबईत आला. वॉर्डन रोडजवळच्या गमाडिया रोडवर रमेश बाळसेकर सकाळी घरीच सत्संग घेत, तिथे जाऊन बसायचा. बाळसेकर म्हणजे बँक ऑफ इंडियाचे निवृत्त प्रमुख आणि खेतवाडीच्या निसर्गदत्त महाराजांचे शिष्य. महाराज मराठीत बोलत, बाळसेकर ते इंग्रजीत सांगत. त्या काळानंतर आपलं अनेक वर्षांचं नैराश्य ओसरलं, असं कोहेनने पुढे मुलाखतींत सांगितलं.

आता शहराच्या उत्तरेला, जारी मेट्रोला उतरा आणि चालत 8232, अव्हेन्यू द गास्पे या घरापाशी जा. एरवी कुणी ढुंकून बघणार नाही असं जुन्या चालीचं दुमजली घर, दारापाशी एक फलक. अमेरिकेच्या बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत मोडणारा जॅकी रॉबिन्सन मॉन्ट्रियल रॉयल्स या संघाकडून खेळताना 1946चा मोसम इथे राहिला. तो इथला नव्हे, पण या शहराने त्याला आपला मानलं. त्या वसंतात फ्लोरिडामध्ये सरावाला गेला तर गावांनी सामने रद्द केले, मैदानांना कुलपं लावली. मग त्याची बायको रेचेल, पोटुशी, मॉन्ट्रियलला घर शोधायला आली. फ्रेंच घरमालकिणीने तिला चहा दिला, घर दिलं, स्वतःची भांडी आणि चादरीही वापरायला दिल्या. शेजारणींनी तिला पोटुशेपणातले कपडे शिवायला मदत केली, रेशनची कुपनंही आणून दिली. त्या मोसमात जॅकीची फलंदाजीची सरासरी .349, लीगमध्ये पहिली. अंतिम मालिकेत अमेरिकेतल्या लुइव्हिल शहराच्या प्रेक्षकांनी त्याला शिव्या घातल्या, तर पुढचे सामने मॉन्ट्रियलला आल्यावर इथल्या प्रेक्षकांनी लुइव्हिलच्या प्रत्येक खेळाडूची हुर्यो उडवली. मालिका जिंकल्यावर लोक रस्त्यात त्याच्या मागे धावले, मिठ्या मारायला. सगळ्या प्रवासात मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो तो या फुटपाथवर. तिथेही लोक राहतात, तेव्हा आवाज आणि फोटो दोन्ही बेतानेच.

ऑलिम्पिक स्टेडियमपाशी लहान मुलांसोबतचा जॅकीचा पुतळा आहे आणि व्हिओ मेट्रोजवळ रिशारच्या नावाचं आइस हॉकीचं बंदिस्त मैदान. स्टेडियमच्या छताचं मोठं काम चालू आहे, त्यामुळे आत काय उघडं आहे ते निघण्याआधी बघून घ्या. रोमानियाची जिम्नॅस्ट नादिया कोमानेचीला 1976च्या ऑलिम्पिकमध्ये दहापैकी दहा गुण मिळाले ते इथे नव्हे, फोरममध्ये. स्कोअरबोर्डवर दहाचा आकडा बसेना म्हणून 1.00 उमटलं होतं. या स्टेडियमपाशी असलेलं चित्रकार-शिल्पकार जाँ-पॉल रिओपेलचं 'ला जूत' हे कारंजंही आता मध्यवस्तीत हलवलंय. उन्हाळ्यात संध्याकाळनंतर पाण्याभोवती खऱ्या ज्वाळांचं कडं पेटतं. स्क्वेअर-व्हिक्टोरिया मेट्रोला उतरून जरूर बघा.

भारतीय हॉकीच्या चाहत्यांनी मॅकगिल विद्यापीठाचं मोल्सन स्टेडियमही बघावं. ऑलिम्पिक हॉकी कृत्रिम गवतावर पहिल्यांदा खेळली गेली ती इथे, 1976 मध्ये. आदल्याच वर्षी विश्वचषक जिंकलेला अजितपाल सिंगचा संघ सातवा आला आणि 1928पासून पहिल्यांदाच आपण हॉकीत पदकाविना परतलो. चढ बराच आहे, पायात चांगले बूट हवेत.

मेट्रोच्या मशिनवर एक किंवा तीन दिवसांचा पास मिळतो, तो घ्या. सगळी मेट्रो भुयारी आहे, पण पुष्कळ स्टेशनांवर लिफ्ट नाही. गुडघे दुखणारे आईवडील सोबत असतील तर लिफ्ट असलेली स्टेशनं आधी शोधून ठेवा. दुकानात शिरताना आधी 'बाँझूर' म्हणा, पुढे इंग्रजी चालतं. जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला जॅझ महोत्सव असतो. उघड्यावरच्या अनेक मैफिली फुकट, खोल्या मात्र तेव्हा महाग, आधीच आरक्षण करा. आइस हॉकीचा मोसम ऑक्टोबर ते एप्रिल. तिकिटं परवडत नसतील तर सप्टेंबरातले सराव सामने बघा.

अंडं चालणाऱ्या शाकाहारी मंडळींनी माइल एंड भागातल्या बेगलच्या भट्ट्यांवर जावं. मध घातलेल्या पाण्यात उकळून, तिळात घोळवून, लाकडाच्या भट्टीतून लांब फळीवर बाहेर येणारा बेगल तिथेच उभ्याने, गरम खायचा. पोटभर जेवायचं तर जॅकीच्या घराकडून जारी पार्क ओलांडून पार्क एक्स्टेन्शनला जा. ही दक्षिण आशियाई वस्ती आहे. जाँ-तालों रस्त्यावर डोसा, छोले, मिठाई सगळं मिळतं, आणि परतायला पार्क मेट्रो जवळच आहे.