बीएमआय नॉर्मल, तरीही टेप लावाच

बीएमआय (बॉडी मास इंडेक्स) म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती आहे हे सांगणारा आकडा. तो काढणं सोपं आहे. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. वजन ६६ किलो आणि उंची १६५ सेंटिमीटर असेल तर उत्तर येतं २४.२. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या तक्त्यात हे नॉर्मल, कारण तिथे २५ पासून जादा वजन आणि ३० पासून लठ्ठपणा धरतात. आपल्याकडचे डॉक्टर मात्र २३ पासूनच जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो छापले होते. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. हातपाय बारीक आणि चरबी पोटात, ही आपली ठेवण वजनकाट्याला दिसत नाही. म्हणून कंबर मोजायला टेप हवीच.

आणि टेप लावण्यातच सगळ्यात जास्त चुका होतात. बेंबीवरून मोजू नका, पोट सुटलं की बेंबीही खाली उतरते. कुशीत हात लावून शेवटची बरगडी शोधा, खाली कमरेच्या हाडाची वरची कड शोधा आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये खूण करा. टेप न ताणणारी हवी, मागून-पुढून जमिनीला समांतर हवी आणि कातडीला टेकलेली पण न रुतणारी हवी. सहज श्वास सोडला की त्या क्षणी आकडा वाचायचा. टेप दिसली की माणूस नकळत पोट आत ओढतो, म्हणून दोनदा मोजा. बायकांचं माप साडीवरून घेऊ नये. परकराची नाडी सैल करूनच घ्यावं. पुरुषांनी पँटचा नंबर सांगू नये, पँट पोटाच्या खाली बसते. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेलं की पोटाचा लठ्ठपणा. आणखी सोपा हिशोब म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. वरच्या माणसाची कंबर ९४ असेल तर ती उंचीच्या ०.५७ पट झाली. म्हणजे नॉर्मल म्हणून त्याला घरी पाठवणं चूकच.

उंचीही दरवेळी मोजावी. वयाबरोबर ती कमी होते. तरुणपणची १६८ सांगितली तर याच माणसाचा बीएमआय २३.४ निघतो.

'लॅन्सेट'च्या तज्ज्ञांच्या आयोगानेही २०२५ मध्ये हेच सांगितलं की निव्वळ बीएमआयवर निदान करू नका, कंबरेसारखं आणखी एक माप घ्या आणि चरबीमुळे अवयवांना त्रास सुरू झालाय का ते पाहा. म्हणून पुढे रक्ताच्या तपासण्या: उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी), एसजीपीटी (यकृताची तपासणी) आणि गरजेप्रमाणे टीएसएच (थायरॉइडची तपासणी). डॉक्टर मानही बघतात. मानेवरची काळी, मखमली कातडी लोक मळ समजून घासत बसतात, पण बहुतेकदा ती इन्सुलिन नीट लागू पडत नसल्याची खूण असते. घोरणं आणि दिवसा झोप येणं हे विचारायलाच हवं. बीपीचा पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी खोटंच वाढलेलं दिसतं आणि नको ती गोळी सुरू होते.

मुलांना हे आकडे लावू नयेत. पाच ते अठरा वयासाठी वय आणि लिंगानुसार बालरोगतज्ज्ञांचे वेगळे तक्ते असतात. गरोदरपणात आणि पोटात पाणी झालेल्या रुग्णात कंबरेचं माप निरुपयोगी.