खर्जातला गंधार

आज आईचा मिरजेचा तानपुरा पाच महिन्यांनी गवसणीतून काढला. तारा पार उतरलेल्या. मोबाईलवरचा ट्यूनर लावला, सूर काळी पाच, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी. पंख्याच्या आवाजाने काटा थरथरत होता. पंखा बंद केला, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीजवळ फोन धरला. जोडीच्या, म्हणजे मधल्या दोन सारख्या तारा लगेच २३३ हर्ट्झवर आल्या. खर्ज, म्हणजे खालच्या षड्जाची जाड तार, मात्र हटून बसला. घोडीच्या घासलेल्या माथ्यामुळे, म्हणजे जवारीमुळे, त्यातून मूळ सुराबरोबर इतके वरचे उपस्वर उमटतात, की काटा कधी षड्जावर (सा), कधी पंचमावर (प)!

शेवटी फोन उलटा ठेवला, डोळे मिटले, सूर बारीक जुळवायचा तारेवरचा मणी केसभर सरकवला. आणि खर्जातून तो स्वयंभू, म्हणजे आपोआप ऐकू येणारा गंधार (ग) उमटला. ट्यूनरच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलेला, पण किती गोड! अंगावर काटा आला.

आईला फोनवर ऐकवला. म्हणाली, “जोडीतली दुसरी तार अजून किंचित चढव गं.”