एका प्रश्नाला ५४ सेकंद : बारावीच्या मुलांकडून सीईटी करून घेताना

बारावी सायन्सच्या मुलांकडून एमएचटी-सीईटीची, म्हणजे इंजिनीअरिंगसारख्या अभ्यासक्रमांच्या राज्य प्रवेश परीक्षेची, तयारी करून घेणं हे माझं दरवर्षीचं काम. पहिल्याच तासाला मी फळ्यावर एक साधा भागाकार मांडतो. ९० मिनिटं म्हणजे ५,४०० सेकंद आणि फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून प्रश्न १००, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताला तेवढ्याच वेळात ५० प्रश्न, म्हणजे १०८ सेकंद. वर्षभराचं नियोजन या दोन आकड्यांवर बेतावं लागतं, कारण चांगल्या अभ्यासाचं मूलही इथे अडतं ते बहुतेक वेळा घड्याळापाशी.

पीसीएमची (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) परीक्षा एकूण २०० गुणांची. फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५० आणि गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, म्हणजे १००. निम्मी परीक्षा एकटं गणित आहे, हे पालकांच्या बैठकीतही दोनदा सांगावं लागतं. निगेटिव्ह मार्किंग नाही. फिजिक्स-केमिस्ट्रीचा पहिला पेपर वेळ संपली की बंद, तिथे वाचलेली मिनिटं गणिताला वळवता येत नाहीत. पीसीबीवाल्यांना गणिताऐवजी बायोलॉजीचे एकेका गुणाचे १०० प्रश्न, म्हणजे तिथेही परत ५४ सेकंदच. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे प्रश्न मराठीतूनही घेता येतात, गणित मात्र फक्त इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना ‘अ‍ॅट मोस्ट’, ‘अ‍ॅट लीस्ट’, ‘नॉट मोअर दॅन’ हे शब्दप्रयोग म्हणून वेगळे घोटून घ्यावे लागतात. प्रॉबॅबिलिटीतला अर्धा गोंधळ गणिताचा नसतोच, या तीन शब्दांचा असतो.

आता अकरावी. प्रश्नांपैकी साधारण २० टक्के अकरावीच्या निवडक धड्यांवर आणि ८० टक्के बारावीवर असतात. हिशेब केला तर प्रत्येक विषयात १० प्रश्न, गणिताच्या दुप्पट गुणांसह एकूण ४० गुण. आणि अकरावी म्हणजे दहावीनंतरची विश्रांती, अशी घरोघरची समजूत! धड्यांची यादी मोठी नाही. फिजिक्समध्ये मोशन इन अ प्लेन, लॉज ऑफ मोशन, ग्रॅव्हिटेशन, साउंड, ऑप्टिक्स, इलेक्ट्रोस्टॅटिक्स, सेमीकंडक्टर वगैरे. गणितात ट्रिगनॉमेट्री, स्ट्रेट लाइन, सर्कल, कॉम्प्लेक्स नंबर्स, परम्युटेशन-कॉम्बिनेशन, लिमिट्स. हे धडे मी बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा घेतो, रोज एक. मार्चवर ढकलले की ते राहतातच. बोर्डाचा शेवटचा पेपर आणि सीईटी यांच्यातलं अंतर दरवर्षी सारखं नसतं. पीसीएमची सीईटी २०२४ मध्ये २ मेपासून होती, २०२५ मध्ये १९ एप्रिलपासून. ‘बोर्डानंतर बघू’ म्हणणाऱ्याचे दिवस असे न सांगता कापले जातात.

जेईईच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या प्रवेश परीक्षेच्या, क्लासला जाणाऱ्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांना अवघड गणितं येतात आणि सोपे धडे माहीतच नसतात. मॅथेमॅटिकल लॉजिक, लिनिअर प्रोग्रॅमिंग, केमिस्ट्रीतले पॉलिमर, ग्रीन केमिस्ट्री आणि नॅनोकेमिस्ट्री हे जेईईच्या सध्याच्या अभ्यासक्रमात नाहीत, पण सीईटीत आहेत. लॉजिकचा प्रश्न ट्रूथ टेबल मांडून ४० सेकंदांत सुटतो आणि त्याचे दोन गुण मिळतात. इंटिग्रेशनच्या घामाघूम करणाऱ्या प्रश्नालाही दोनच. केमिस्ट्रीसाठी बालभारतीचं पुस्तक ओळ न ओळ वाचायला लावतो, ‘डू यू नो?’च्या चौकटी आणि आकृत्यांखालच्या ओळींसकट. जाडजूड गाइड त्यानंतर, वेळ उरला तर.

आणखी एक अडचण बोर्डाच्या सवयीतून येते. बोर्डाच्या पेपरला लॉग टेबल चालतं, सीईटीला नाही. कॅल्क्युलेटर तर नाहीच. लॉग २ म्हणजे ०.३०१०, लॉग ३ म्हणजे ०.४७७१, रूट २ म्हणजे १.४१, रूट ३ म्हणजे १.७३, एवढं तोंडपाठ हवं. ०.००२ मोलर एचसीएलचा पीएच विचारला की ३ वजा ०.३, म्हणजे २.७, हे पेन न उचलता यायला हवं. चारही ऑप्शन एकमेकांपासून लांब असतील तर पायचा (π) वर्ग सरळ १० धरायचा. नेमकेपणाचा आग्रह बोर्डापुरता ठेवावा.

ऑप्शन कसे बनवलेले असतात हे मुलांना उलगडून दाखवलं की चुका पटकन कमी होतात. ग्रॅव्हिटेशनमधलं नेहमीचं उदाहरण: पृथ्वीच्या पृष्ठभागालगत फिरणाऱ्या उपग्रहाचा आवर्तकाल टी आहे, पृष्ठभागापासून त्रिज्येच्या तिप्पट उंचीवरच्या उपग्रहाचा किती? आवर्तकालाचा वर्ग कक्षेच्या त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात, हे सगळ्यांना पाठ असतं. पण उंची म्हणजे कक्षेची त्रिज्या नव्हे. केंद्रापासूनचं अंतर चौपट, ४ चा घन ६४, त्याचं वर्गमूळ ८, उत्तर ८ टी. घाईत ३ घेतलेल्या मुलाला ३ रूट ३ टी मिळतं आणि तेही ऑप्शनमध्ये बसलेलंच असतं. आपलं उत्तर यादीत सापडलं की मूल खूश होऊन पुढे जातं. सापळा तोच.

गणितातलं दुसरं. टॅन इन्व्हर्स १, टॅन इन्व्हर्स २ आणि टॅन इन्व्हर्स ३ यांची बेरीज. शेवटच्या दोघांना सूत्र लावलं की छेदात १ वजा ६, म्हणजे उणे ५ येतं आणि टॅन इन्व्हर्स उणे १ मिळतं. इथे गुणाकार १ पेक्षा मोठा असल्याने पाय मिळवावा लागतो. ते विसरलं की उणे पाय बाय ४ अधिक पाय बाय ४, उत्तर शून्य. शून्य हा ऑप्शन असतोच. पण तीन धन कोनांची बेरीज शून्य येईल कशी? ४५ अंश, साधारण ६३.४ आणि साधारण ७१.६, बेरीज १८०, म्हणजे पाय. अंदाजाने केलेलं हे उत्तर सूत्राच्या उत्तराहून जास्त भरवशाचं निघतं आणि वेळही कमी घेतं. इंटिग्रेशनमध्येही तसंच. बऱ्याच वेळा ऑप्शनचं डेरिव्हेटिव्ह घेऊन बघणं सोपं जातं. बोर्डाच्या पेपरात असं केलं तर पायऱ्यांचे गुण जातील, म्हणून जानेवारीपर्यंत हे वर्गात फार उघडपणे शिकवत नाही!

पेपर सोडवण्याचा क्रम आम्ही असा ठरवून दिलाय: आधी केमिस्ट्री, ३५ मिनिटांत. मग फिजिक्सला ५० मिनिटं. शेवटची ५ राखीव. केमिस्ट्री आधी, कारण तिथे येतं किंवा येत नाही, घासत बसावं लागत नाही. गणिताला तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत वाचताच रस्ता दिसतो तेवढेच प्रश्न, साधारण ४५ मिनिटांत. दुसऱ्या फेरीत थोडी झटापट मागणारे. तिसऱ्यात ऑप्शन काढून टाकत जाणं. एका प्रश्नावर तीन मिनिटं गेली की सोडायचंच. ‘झालंच होतं सर, थोडंसं राहिलं होतं’ हे वाक्य ज्याच्या तोंडी जास्त, त्याचे गुण कमी, हे मॉकच्या, म्हणजे सराव परीक्षांच्या, कागदांवरून सहज दिसतं.

मॉक किमान १२ हव्यात, आणि मोबाइलवर नकोत. कॉलेजच्या लॅबमध्ये कॉम्प्युटरवर, माउस हातात घेऊन. गावाकडच्या बऱ्याच मुलांची सवय स्क्रीनला बोट लावायची असते. प्रश्न डोळ्यांसमोर उभा आणि रफचा कागद खाली टेबलावर, अशा मांडणीत आकडे उतरवतानाच चुका होतात: उणे चिन्ह गळतं, वर्गाचा २ गळतो. म्हणून अख्खं समीकरण लिहू नका, लागतील तेवढेच आकडे लिहा आणि लिहून झाल्यावर एकदा वर बघा. उत्तर निवडून ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ न दाबता बाजूच्या क्रमांकावर उडी मारायची खोडही लॅबमध्येच मोडावी लागते. निम्म्या मॉक सकाळी ९ ला, निम्म्या दुपारी २ ला. कुठली शिफ्ट येईल ते आपल्या हाती नसतं आणि दुपारी जेवून आलेली मुलं पहिल्या २० मिनिटांत पेंगतात.

मॉक दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन तास फक्त चिरफाड. वहीत चार रकाने: येत नव्हतं, येत होतं पण चुकलं, वेळ पुरला नाही, प्रश्न नीट वाचला नाही. ‘सिली मिस्टेक’ असा रकाना ठेवू देत नाही, त्यात सगळंच ढकलता येतं. पहिल्या तीन-चार मॉकनंतर प्रत्येकाचा एक रकाना फुगलेला दिसतो आणि पुढचा अभ्यास त्यावर ठरतो. दुसरा रकाना फुगलेल्याला आणखी धडे वाचायला बसवून काही उपयोग नसतो.

निकालात पर्सेंटाइल येतं, टक्के नव्हेत. त्या सत्रात, म्हणजे शिफ्टमध्ये, तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळवणारे शेकडा किती, ते पर्सेंटाइल. पेपर अवघड निघाला तर तो सगळ्या सत्राला अवघड असतो. त्यामुळे १३० गुणांना एका शिफ्टमध्ये मिळालेलं पर्सेंटाइल दुसऱ्या शिफ्टमध्ये मिळेलच असं नाही. बाहेर आल्यावर शेजारच्या शिफ्टच्या मुलाशी गुण ताडून रडण्यात अर्थ नाही.

कागदपत्रांचं काम मी जूनमध्येच मागे लावतो. जात पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत वेळेत. नॉन-क्रीमी लेअरचं प्रमाणपत्र प्रवेशाच्या वर्षाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं. अर्जातलं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच. इंजिनीअरिंगसाठी खुल्या गटाला बारावीत ठरलेल्या तीन विषयांत ४५ टक्के, राखीव गटांना ४० टक्के लागतात. उत्तम पर्सेंटाइल असून इथे अडकणारी मुलं असतात, तेव्हा बोर्डाला अगदीच वाऱ्यावर सोडू नये.

परीक्षेच्या तीन दिवस आधी मॉक बंद, फक्त चुकांची वही. हॉलमध्ये शेवटच्या तीन मिनिटांत उरलेले सगळे प्रश्न भरायचे, डोकं न लावता. गणितात ८ राहिले असतील तर नशिबाने सरासरी २ बरोबर येतात, म्हणजे ४ गुण. यावर हमखास प्रश्न येतो, ‘सर, सगळीकडे सी मारू का?’ सी मारा नाहीतर बी, फरक पडत नाही. फक्त ते ठरवण्यात ५४ सेकंद घालवू नका.