बोअर्ड की बोअरिंग? आधी मराठीत बघा

बोअर हा शब्द मराठीत इतका मुरलाय की लेक्चर पण बोअर असतं, आपण पण बोअर होतो, एखादा मित्र बोअर मारतो, आणि कुणाचं काही अडत नाही. इंग्लिश बोलताना मात्र तिथे दोन शब्द लागतात, बोअर्ड आणि बोअरिंग, आणि मग कंटाळा आलेला माणूस सरळ 'आय ॲम बोअरिंग' म्हणून मोकळा होतो. यात वाईट हे की ते वाक्य व्याकरणात बरोबरच आहे, त्याचा अर्थ फक्त 'मी कंटाळवाणा माणूस आहे' असा होतो.

मला वाटतं घोळ या रूपांच्या नावांमुळे होतो. शेवटी आयएनजी (-ing) असलेल्या रूपाला प्रेझेंट पार्टिसिपल, ईडी (-ed) असलेल्याला पास्ट पार्टिसिपल म्हटलं की पोरांना वाटतं हा काळाचा मामला आहे, आत्ता कंटाळा आलाय म्हणजे बोअरिंग, काल आला होता म्हणजे बोअर्ड. काळाचा इथे काहीएक संबंध नाही, 'आय विल बी बोअर्ड टुमारो' हे उद्याचं आहे तरी ईडीच लागतं. काहीजण सांगतात माणसाला ईडी लावा, वस्तूला आयएनजी, पण तेही टिकत नाही कारण टीचरसुद्धा बोअरिंग असू शकतात ना.

त्यापेक्षा आपली धातुसाधित विशेषणं, म्हणजे क्रियापदापासून बनलेली विशेषणं, आहेत की! दमलेला माणूस आणि दमवणारा प्रवास यात मराठी माणूस कधीच गोंधळत नाही. दमलेला तो टायर्ड, दमवणारा तो टायरिंग. गोंधळलेला विद्यार्थी कन्फ्यूज्ड, त्याला गोंधळात टाकणारा प्रश्न कन्फ्यूजिंग. म्हणजे मनात 'लेला' आलं की ईडी, 'णारा' आलं की आयएनजी. पाण्याचंही तसंच, गॅसवर बुडबुडे येतायत ते उकळतं पाणी म्हणजे बॉइलिंग वॉटर, आणि डॉक्टर प्यायला सांगतात ते उकळलेलं, बॉइल्ड, मग ते माठात ओतून गार का होईना. फुटलेली काच ब्रोकन, पडलेलं झाड फॉलन, इथे ईडी दिसत नाही पण 'लेला' आहेच, क्रियापदाचं तिसरं रूप घ्यायचं फक्त.

सगळ्याच जोड्या अशा सरळ नाहीत हेही सांगायला हवं. घाबरलेला तो स्केअर्ड, पण घाबरवणाऱ्या सिनेमाला सहसा स्केअरी म्हणतात, स्केअरिंग नाही. इम्प्रेस्डचा जोडीदार इम्प्रेसिव्ह, डिलाइटेडचा डिलाइटफुल. हे वाचून वाचूनच डोक्यात बसतं.

आणि तो शेवटचा 'ड' प्लीज खाऊ नका. अंड्याच्या गाडीवर 'बॉइल अंडी' लिहिलेलं चालतं, ती आपली बोली झाली, पण इंटरव्ह्यूमध्ये 'आय ॲम इंटरेस्ट इन धिस जॉब' म्हटलं की कानाला खटकतं, तिथे इंटरेस्टेड असा पूर्ण उच्चार हवा, पुढे 'इन'च हवं, टायर्डच्या पुढे 'ऑफ', एक्सायटेडच्या पुढे 'अबाउट', आणि या शेपटांना मात्र मराठीतून काही मदत मिळत नाही, ती पाठच करावी लागतात.