आमची वाटचाल : मागून उघडा कोट आणि किमोनो

कराडला आमच्या आप्पांचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे दहा बाय बाराची खोली, रंगवलेला पडदा, दोन दिवे आणि खुंटीला एक काळा कोट. पासपोर्टसाठी नाहीतर स्थळाला पाठवायला फोटो काढून घ्यायला येणारा प्रत्येक जण तोच कोट घालायचा. कोट पाठीवर वरपासून खालपर्यंत उभा कापलेला. गिऱ्हाईक काटकुळं असो की आडदांड, पुढून बटणं लागायची आणि मागून आप्पा कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. निम्म्या कराडची लग्नं या कोटानं जमवली, असं ते म्हणायचे. कोटाचे दोन रुपये वेगळे.

आज मी जपानमधल्या क्योतोत पर्यटकांना किमोनो भाड्यानं देते, नेसवते आणि गल्लीबोळांत नेऊन त्यांचे फोटो काढते. धंदा तोच. फक्त इथे गिऱ्हाइकाची पाठ झाकून चालत नाही.

पुण्यात जपानी शिकणं ही काही नवलाई नाही, मीही शिकले होते. नवऱ्याला संशोधनाची नोकरी लागली आणि २०१२ मध्ये आम्ही क्योतोला आलो. त्याच्यावर अवलंबून असलेली बायको म्हणून मला आठवड्याला २८ तासच काम करायची मुभा होती. ते तास मी एका फोटो स्टुडिओला दिले. नोव्हेंबरात तिथे 'शिची-गो-सान'ची झुंबड असे. तीन, पाच आणि सात वर्षांची मुलं नटूनथटून देवळात नेतात, त्याआधी नाहीतर नंतर फोटो. माझं काम म्हणजे रिफ्लेक्टर धरणं आणि रडणाऱ्या पोरांपुढे खुळखुळा वाजवणं. पाच वर्षं खुळखुळा वाजवला.

त्याच काळात पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी फिरायला येऊ लागल्या. 'अगं, चार फोटो काढ ना.' स्वस्तातल्या एखाद्या दुकानातून किमोनो घेऊन सकाळी दहाला त्या भेटायच्या तेव्हा छान दिसायच्या. दुपारी एकपर्यंत गळा उघडा पडलेला, कमरेचा पट्टा म्हणजे 'ओबी' घसरून पोटावर आलेला, खालची घडी एका बाजूनं लोंबतेय. दोष मैत्रिणींचा नव्हता आणि नेसवणाऱ्या बायकांचाही नव्हता. दाराबाहेर रांग आणि माणशी पंधरा मिनिटं, एवढ्यात कुणीही काय करणार? मी आपली हातपंख्याआड गळा झाकायचा आणि ओबीवर पिशवी आणायची, असले उद्योग करत फोटो काढायचे. आप्पांचा चिमटा आठवायचा, पण लावायचा कुठे? किमोनोची सगळी शोभा पाठमोरी: मानेवरून मागे ओढलेली कॉलर, खाली उघडी मान, त्याखाली ओबीची गाठ.

मग नेसवणंच शिकायचं ठरवलं. मी मुद्दाम नेसवणं म्हणते. किमोनोला बटण नाही, हुक नाही, सगळा कारभार पट्ट्या आणि दोऱ्यांवर. आमच्या गल्लीत किमोनो नेसवायला शिकवणाऱ्या एक निवृत्त बाई राहायच्या. त्यांना मी सेन्सेई, म्हणजे गुरू, म्हणते, आज त्या माझ्या भागीदार आहेत. पहिले तीन महिने त्यांनी मला ओबीला हात लावू दिला नाही. पायमोजे, आतला झगा, कमरेचा दोरा. परत सोड, परत बांध. कॉलर मागे किती ओढायची? मानेत आणि कापडात एक मूठ मावेल इतकी. कमी ओढली तर विद्यार्थिनी वाटते, जास्त ओढली तर भलतंच काहीतरी.

सगळ्यात मजेची गोष्ट टॉवेलची. आपल्याकडे कंबर बारीक दिसावी म्हणून जीव काढतात. किमोनोला अंग सरळ लागतं, नळकांड्यासारखं. बारीक कमरेच्या मुलीला आम्ही एक-दोन टॉवेल गुंडाळतो, म्हणजे ओबी टेकायला जागा मिळते आणि संध्याकाळपर्यंत हलत नाही. 'मी आधीच जाड, अजून टॉवेल कशाला?' हे मी अनेकदा ऐकलंय. जिला टॉवेल लागत नाही तिला मी सांगते, तुम्ही जन्मतःच तयार आहात. पहिल्यांदाच कुणी पोटाचं कौतुक केलं, अशा नजरेनं ती बघते.

नवऱ्याला कायम वास्तव्याची परवानगी मिळाली, तशी मलाही धंद्याची मोकळीक मिळाली. २०१८च्या शरदात हिगाशियामा डोंगराच्या पायथ्याशी एका जुन्या लाकडी घराचा वरचा मजला घेतला. भांडवल म्हणजे चौदा किमोनो, एक कॅमेरा, ८५ मिलिमीटरची एक लेन्स आणि सेन्सेईंचे हात. किमोनो आणले बाजारातून. दर महिन्याच्या २१ तारखेला तोजी देवळात आणि २५ला कितानो तेनमानगूच्या आवारात जुना बाजार भरतो. तिथे रेशमी किमोनो ढिगात पडलेले असतात, आपल्या रविवारच्या बाजारात शर्ट पडतात तसे. स्वस्तात रेशीम मिळालं म्हणून मी हरखले. घरी आणल्यावर कळलं, पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या बायका अंगानं लहान होत्या. किमोनोचं कापड जेमतेम ३६ ते ३८ सेंटिमीटर पन्ह्याचं. बाही त्याच पन्ह्यात बसवायची, त्यामुळे वाढवणार तरी किती? आमच्या उंच मुलींची मनगटं बाहेर. त्यात डांबरगोळ्यांचा वास, आणि माच्चा आइस्क्रीमचा एक थेंब पडला की किमोनो बाद. पहिल्याच मोसमात पाच किमोनो गेले. आता आमच्याकडे रोजच्या वापराला चांगलं पॉलिएस्टर आहे आणि रेशीम फक्त सावलीतल्या फोटोंपुरतं. हल्ली लेसवाल्या किमोनोंची फॅशन आहे, गिऱ्हाईक मागतंही. आम्ही ठेवत नाही. सेन्सेईंना ते पडद्याचं कापड वाटतं आणि मलाही.

आणि मग २०१९ची ती चूक. दुकानाच्या दारावर मोठा फलक लावायचा होता. एका मुलीचा सुंदर फोटो होता, पण ती उजवीकडे उभी होती आणि अक्षरांना जागा हवी होती उजवीकडे. मी संगणकावर फोटो आडवा उलटवला. एक क्लिक. फलक छापला, टांगला, दूर उभं राहून बघितला. दुसऱ्या दिवशी सेन्सेई आल्या. दारात थांबून बराच वेळ वर बघत राहिल्या. मग अगदी हळू विचारलं, 'ही मुलगी बरी आहे ना?'

मला कळेना. मग त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. किमोनोची उजवी बाजू अंगालगत आणि डावी तिच्यावर येते. बाई असो की पुरुष, सगळ्यांना एकच नियम, आणि इसवी सन ७१९च्या राजाज्ञेपासून चालत आलेला. उलटं, म्हणजे उजवी वर, फक्त मृताला नेसवतात. फोटो उलटवून मी त्या हसऱ्या मुलीला अंत्यविधीचा पोशाख चढवून भर रस्त्यात टांगलं होतं. दिवसभरात शेजारपाजाऱ्यांपैकी कुणी एक शब्द बोललं नव्हतं. क्योतोची माणसं अशीच, तुम्हाला आपणहून कळेपर्यंत थांबतात. मी शिडी लावून फलक उतरवला आणि गल्लीत घरोघरी जाऊन माफी मागितली. सोबत मिठाईचा पुडा न्यायचा, हेही सेन्सेईंनीच सांगितलं.

तेव्हापासून आमच्याकडे फोटो उलटवायला बंदी. गिऱ्हाइकांनाही आधीच सांगते, मोबाइलच्या सेल्फीत बाजू उलटी दिसते, घाबरून कॉलर बदलू नका. तरी वर्षातून दोनदा तरी कुणाच्या नातेवाइकाचा तावातावानं निरोप येतोच: 'आमच्या मुलीला उलटं नेसवलंय.'

२०२०च्या वसंतात देशाची दारं बंद झाली. पर्यटक शून्य. भाडं चालू. तेव्हा सेन्सेईंच्या जुन्या विद्यार्थिनींनी तारलं. वीस वर्षांच्या मुलींचा प्रौढत्वाचा सोहळा जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी असतो आणि त्यात लांब बाह्यांचा 'फुरिसोदे' नेसतात. नवा घेण्याऐवजी आईचाच नेसायचा, याला 'मामाफुरी' म्हणतात. समारंभाची खात्री नव्हती, फोटो मात्र हवा होता. आम्ही आईचा किमोनो मुलीच्या मापाला बसवून द्यायचो आणि नदीकाठी फोटो काढायचो. आया मागे उभ्या राहून मुलींपेक्षा जास्त रडायच्या. त्या अडीच वर्षांत मिळकत कमी झाली आणि हात मात्र बसला. ११ ऑक्टोबर २०२२ला एकट्यादुकट्या पर्यटकांना दार उघडलं, त्या आठवड्यात मी पहाटे चारला उठून इस्त्री करत होते.

आता दिवसाला चारच जणांना घेतो. नेसवायला चाळीस मिनिटं, केस वेगळे. हिगाशियामा म्हणजे पूर्वेचा डोंगर. सूर्य त्याच्या मागून वर येतो, त्यामुळे पहाटे या उतारावरच्या गल्ल्यांत सावलीचा एकसारखा मऊ उजेड असतो. कियोमिझू-देरा हे देऊळ सहाला उघडतं, आम्ही त्याआधीच जवळच्या निनेनझाका या उताराच्या पायऱ्यांवर असतो. नवाच्या पुढे तिथे फोटो काढणं म्हणजे तुळशीबागेत दिवाळीच्या आदल्या दिवशी काढण्यासारखं. शेजारच्या सान्नेनझाकावर पडलात तर तीन वर्षांत मराल अशी जुनी समजूत आहे, हे मी गिऱ्हाइकाला पायऱ्या उतरून झाल्यावर सांगते. फुशिमी इनारीच्या देवळाला दार नाही, तिकीट नाही, रात्रंदिवस उघडं. पण किमोनोवरच्या सपाता घालून डोंगरमाथ्यावर जायचा हट्ट धरू नका, तळपाय सोलवटतात.

गिओन या गेइशांच्या वस्तीतल्या खाजगी गल्ल्यांत आम्ही जात नाही. २०१९पासून तिथे विनापरवाना फोटोला दहा हजार येन दंडाच्या पाट्या आहेत आणि २०२४पासून पर्यटकांना शिरायलाच मनाई. 'खऱ्या माइकोबरोबर (म्हणजे शिकाऊ गेइशाबरोबर) फोटो मिळेल का?' असं विचारणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते. ती पोर कामावर निघालेली असते. तुम्ही ऑफिसला जाताना कुणी समोर येऊन कॅमेरा धरला तर?

मराठी गिऱ्हाईक हा वेगळा अध्याय. किमोनोवर गळ्यात काही घालत नाहीत, मग मंगळसूत्राचं काय? सेन्सेईंनी विचारलं, 'हे काढता येतं?' मी म्हटलं, 'काढत नाहीत.' त्यांनी क्षणभर विचार केला आणि कॉलरच्या आत सरकवून दिलं, वर हातानं थोपटलं. एकदा नाशिकच्या एक काकू आल्या होत्या, नऊवारी नेसणाऱ्या. हात वर करताना बाही सावरायची, तर दुसऱ्या हातानं धरायची, हे मी सगळ्यांना घोकून घोकून शिकवते. काकूंना सांगावंच लागलं नाही. वाढताना पदर धरायची सवय. काम झाल्यावर सेन्सेईंनी त्यांना नऊवारी नेसून दाखवायला लावली. चार मिनिटांत काष्टा मारून काकू तयार. सेन्सेई गुडघ्यांवर बसून मागचा काष्टा बघत होत्या, मग वहीत काहीतरी काढलं. एकही दोरा नाही, याचं त्यांना आजही नवल वाटतं.

गेल्या वर्षी आप्पा आले. स्टुडिओ बंद करून बरीच वर्षं झाली, पण कॅमेऱ्यापुढे बसायचं म्हटलं की अजून पाठ ताठ करतात. पुरुषांचा ओबी पोटाच्या खाली, कमरेवर बांधतात, त्यामुळे पोट असलेल्या माणसाला किमोनो खुलून दिसतो. सेन्सेईंनी टॉवेलाकडे बघितलंसुद्धा नाही. आप्पा खूश. पहाटे त्यांना यासाकाच्या पॅगोड्याखालच्या उतारावर नेलं. ते समोर तोंड करून, हात मांड्यांना चिकटवून उभे राहिले, पासपोर्टला राहतात तसे. मी म्हटलं, 'आप्पा, आता वळा. पाठमोरे चालत जा.'

चार पावलं गेले आणि थांबून ओरडले, 'मागून फोटो? अगं, ओळखणार कोण मला?'