तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं खटलं घेऊन क्रूझवर जावं का?

रत्नागिरीत राहून क्रूझ करून आलेल्या माणसाला लोक एकच प्रश्न दोन तऱ्हांनी विचारतात. बायका विचारतात, ‘पोरं लहान, सासू-सासरे, जाऊ, नणंद, एवढं खटलं घेऊन जमलं कसं?’ पुरुष विचारतात, ‘घरासमोर फुकटचा समुद्र पडलाय, तर पैसे मोजून समुद्रात कशाला गेलात?’ लग्नात विचारून झालं, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघताना विचारून झालं. म्हणून एकदाच सविस्तर सांगते.

जा. पण समुद्र बघायला जाणार असाल तर जाऊ नका, मांडवीच्या जेटीवर संध्याकाळी भेळ खा आणि घरी या. एकत्र कुटुंबाच्या सहलीचा खरा त्रास असतो तो सतत एकत्र असण्याचा. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पहाटे सहाला अकरा माणसं बसली की घाट संपायच्या आत एकाला चहा हवा असतो, एकाला देऊळ दिसतं, आणि एका पोराला ‘आत्ताच’ जायचं असतं. जहाजावर अकरा जण अकरा दिशांना पांगले तरी कुणी हरवत नाही, कुणासाठी कुणी खोळंबत नाही, आणि जेवायला सगळे समोर असतात. पैसे मोजायचे ते या सुटेपणाचे.

आम्ही मुंबईहून लक्षद्वीपला गेलो होतो. जाताना अख्खा दिवस नुसतं पाणी, येताना पुन्हा तेच. बुकिंग करताना हा पाण्याचा दिवस सगळ्यांना खटकतो, पण लहान मुलं असली तर सगळ्यात सुखाचा दिवस तोच. कुठे उतरायचं नसतं, कुणाला आवरायची घाई नसते.

आता खोल्या. वाद झाले तर इथेच होतात, म्हणून थोडं सावकाश सांगते. जाहिरातीतला आकडा हा दोघांच्या खोलीतल्या एका माणसाचा असतो. बंदराचं शुल्क, जीएसटी, सेवा शुल्क बहुधा त्याच्या बाहेर. चौघांच्या खोलीत खाली पलंग आणि वर भिंतीतून उघडणारे दोन बर्थ येतात, रेल्वेच्या वरच्या बर्थसारखे, आणि वर कोण झोपणार यावरून पोरांची मारामारी ठरलेली. बिनखिडकीची खोली स्वस्त मिळते. तान्ह्या पोराच्या आईसाठी ती वरदान आहे, कारण दिवा मालवला की दुपारी दोन वाजताही मिट्ट काळोख. म्हाताऱ्या माणसांना मात्र ती देऊ नका. अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पहाटे साडेचारला उठून उजाडलं का ते बघायची सवय आहे. अशा माणसाचा खिडकीवाचून जीव घुसमटतो. आम्ही बाल्कनीची एकच खोली घेतली, ती अण्णांना आणि आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, दिली, आणि तीच सगळ्यांची ओटी झाली. पोरांना तिथे मोठ्या माणसाशिवाय सोडायचं नाही आणि कठड्याजवळ खुर्ची ठेवायची नाही, एवढे दोन नियम पहिल्याच दिवशी घालून दिले.

‘बोट लागते का हो?’ हे विचारल्याशिवाय कोकणी माणूस पुढे सरकतच नाही. लागते, काहींना. मोठ्या जहाजाच्या बाजूंना पाण्याखाली पंख असतात, ते डोलणं बरंच कमी करतात, पण अजिबात थांबवत नाहीत. हेलकावा सगळ्यात कमी बसतो तो मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर. वरच्या मजल्यावरची, टोकाची खोली दिसायला झोकदार, पण ज्याला एसटीतसुद्धा लागते अशा माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये. दोन वर्षांखालच्या मुलांना सहसा लागत नाही. त्यापुढच्या मुलांना लागते आणि ती आधी सांगत नाहीत. उलटीवरची नेहमीची गोळी दोन वर्षांखाली देत नाहीत, मोठ्या मुलांनाही आपल्या डॉक्टरांना विचारूनच. बाकी आलेपाक आणि दूर क्षितिजाकडे नजर. आमच्याकडे फक्त भावजींना लागली, ज्यांनी महिनाभर आधीपासून ‘आपण कोकणातली माणसं, आपल्याला काय होतंय’ हे ऐकवलं होतं.

आईंची भीती वेगळी होती. त्यांचं माहेर अलिबागकडचं. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट वाटेत उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली, हे त्या किनाऱ्यावरच्या घराघरात पोरांना सांगितलं जायचं. त्या दिवशी आषाढी अमावास्या होती, म्हणून आईंनी बुकिंगच्या आधी पंचांग बघितलं. जहाज सुटण्याआधी सगळ्यांना एका जागी जमवून लाइफ जॅकेट कसं घालायचं, भोंगा वाजला की कुठे यायचं, हे शिकवतात. हा प्रकार ऐच्छिक नाही. १९१२मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर १९१४मध्ये जहाजांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्या परंपरेतले हे नियम. बाकीचे प्रवासी सेल्फी काढत होते. आमच्या आईंनी मात्र सगळं मन लावून ऐकलं, छोट्या मापाची जॅकेटं आहेत ना ते विचारलं, आणि खोलीपासून जमायच्या जागेपर्यंतचा जिना दोन्ही नातवंडांना चालवून दाखवला. पुढे मग त्या निवांत झोपल्या. लहान मुलं नेणाऱ्या प्रत्येकीने एवढं करावंच.

मुलांबद्दल दोन गोष्टी मात्र कंपनीला आधीच विचारून घ्या. डायपरमधल्या पोराला जहाजावरच्या तलावात बहुतेक ठिकाणी उतरू देत नाहीत, डायपर पोहण्याचा असला तरी. आणि मुलांना सांभाळणारा विभाग सहसा तीन वर्षांपुढच्या, स्वतःहून शू-शी सांगणाऱ्या मुलांनाच घेतो. म्हणजे घरातलं सगळ्यात दमवणारं पोर नेमकं तुमच्याच कडेवर राहतं. जाऊबाईंचा धाकटा तसाच. त्याला आम्ही आळीपाळीने तासातासाने घेतलं, आणि अकरा माणसं असल्याचा खरा फायदा तिथे कळला. सहा महिन्यांखालच्या बाळाला बहुतेक जहाजांवर घेतच नाहीत, तेव्हा बारशानंतर लगेच असला बेत आखू नका.

जेवणाचं विचाराल तर पोट भरतं, भाजी-आमटीपासून पास्त्यापर्यंत सगळं असतं, जैन जेवणसुद्धा. मासा मात्र मागू नका. कापरासारखा पांढरा चौकोनी तुकडा ताटात आला तेव्हा आईंनी तो काट्याने उलटा करून बघितला आणि विचारलं, ‘याचं डोकं कुठाय?’ मिरकरवाडा बंदरातून रोज फडफडीत बांगडा घेणाऱ्या बाईला काय सांगणार!

पण त्याच जेवणघरात मी जे बघितलं त्यासाठी मी पुन्हा पैसे भरीन. पहिल्या दुपारी आई बुफेच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि सवयीने डाव उचलून पुढच्या अनोळखी माणसाच्या ताटात भात वाढायला लागल्या. तो बिचारा ‘बस, बस’ म्हणतोय, या आणखी एक डाव घालतायत. तिथल्या वाढप्याने हसून त्यांच्या हातातला डाव काढून घेतला आणि त्यांना खुर्चीत नेऊन बसवलं. पन्नास वर्षांच्या संसारात त्या कधी पहिल्या पंगतीला बसलेल्या मी ऐकलेल्या नाहीत. तिसऱ्या जेवणाला त्या आमच्या आधी जाऊन खिडकीजवळचं टेबल धरून बसल्या होत्या, आणि पोरं कुठे आहेत हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

अण्णांचं प्रकरण निराळं. त्यांच्या लहानपणी रत्नागिरीहून मुंबई म्हणजे आगबोट. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीपर्यंत ती जायची. तुतकावर, म्हणजे डेकवर, वळकटी पसरायची आणि शेजारच्याच्या भाकरीचा वास घेत झोपायचं. रस्ते सुधारले, बोटी बंद पडल्या, १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि विषयच संपला. तर हे गृहस्थ पहिल्या रात्री दीड वाजता मफलर गुंडाळून डेकवर गेले, रत्नदुर्गाचं दीपगृह बघायला. भावजी सोबतीला, पोटातली ढवळाढवळ सांभाळत. पूर्वेला एक दिवा लुकलुकताना दिसला. अण्णांच्या मते तो भगवतीचाच, म्हणजे रत्नदुर्गावरचा, भावजींच्या मते ट्रॉलरचा. हा वाद अजून मिटलेला नाही. दिवाळीत पुन्हा निघाला.

आता लक्षद्वीप. इथे आपला समुद्र आणि तो समुद्र यातला फरक पोरांना एका मिनिटात कळतो. आपल्याकडे नद्या गाळ आणून ओततात, म्हणून भाट्याला काजळी नदीच्या मुखाशी गुडघाभर पाण्यातही पाऊल दिसत नाही. लक्षद्वीपची बेटं प्रवाळाची, तिथे नदी नाही, गाळ नाही, आणि प्रवाळाच्या कड्याच्या आतलं पाणी इतकं नितळ की माझी मुलगी आधी त्यात पाय घालायलाच तयार होईना. ‘आई, खाली सगळं दिसतंय,’ म्हणाली, तक्रारीच्या सुरात.

पण त्या पाण्यापर्यंत पोचायचं कसं, हे बुकिंगवाले ओझरतं सांगतात. मोठं जहाज कड्याच्या आत जाऊ शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि माणसं लहान होड्यांतून काठावर नेतात. जहाजाच्या पोटातला दरवाजा उघडतो, समोर होडी वर-खाली होत असते, आणि ती वर आली की पाय टाकायचा. दोन खलाशी दंडाला धरतात. कडेवरचं पोर आईच्या हातातून काढून घेतात, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात, आणि ते रडायच्या आत बाकावर बसलेलं असतं. आम्ही सगळ्या बाया घाबरलो. अण्णा तेवढे निश्चिंत, कारण रत्नागिरीलाही आगबोट लांब उभी राहायची आणि पडावातूनच उतरावं लागायचं. ‘होडी वर आली की थांबायचं नाही, विचार केलास की पडलीस,’ असं मला सांगून ते सत्तरी ओलांडलेले गृहस्थ माझ्या आधी उतरले. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी मात्र खुशाल जहाजावर राहावं. दर्या खवळलेला असेल तर उतरवणं रद्दही होतं, तेव्हा पोरांना आधीपासून बेटाची स्वप्नं दाखवू नका. पावसाळ्याच्या आसपासचे दिवस तर नकोतच. आपल्या मच्छीमारांच्या बोटी जून-जुलैत काठावर ओढून ठेवतात त्याला कारण आहे.

जाता जाता पैशांचं. जहाजावर रोख चालत नाही, प्रत्येकाच्या गळ्यात कार्ड, आणि ते कार्ड दाखवलं की सरबत मिळतं हे पोरांना अर्ध्या तासात कळतं. मुलांच्या कार्डावरचा खर्च पहिल्याच दिवशी काउंटरवर बंद करून घ्या. भावाभावांत कुणी किती घालायचे तेही घरी बसूनच ठरवा, शेवटच्या रात्री बिल हातात आल्यावर नाही. किनारा सुटला की मोबाइल गप्प होतो, आणि जहाजाच्या नेटवर्कवर चुकून फोन जोडला गेला तर बिल जबर येतं. विमान मोडवर टाका.

परतीचं नियोजन रत्नागिरीकरांनी स्वतःच करायचं, कारण कुठलीच कंपनी आपला विचार करून जहाज लावत नाही. शेवटच्या रात्री सामान खोलीबाहेर ठेवायला सांगतात, तेव्हा पोरांचे सकाळचे कपडे आणि डायपर हातातल्या पिशवीत काढून घ्या. जहाज सकाळी मुंबईला लागतं आणि उतरेउतरेपर्यंत मांडवी एक्स्प्रेस केव्हाच सुटलेली असते. मग मध्यरात्रीची दादरहून तुतारी. तोपर्यंतच्या दिवसासाठी गिरगावात किंवा दादरला एखादं जवळचं घर हवं, आणि त्या घरी निघण्याआधीच कळवून ठेवा, की आम्ही अकरा जण आहोत आणि सगळ्यांना आंघोळ करायची आहे.